मॅकग्रॉडी पुरस्कारासाठी नामांकन कसं तयार करावं

नव्या मटेरियल्सवरच्या संशोधनासाठी अमेरिकन फिजिकल सोसायटी जेम्स सी. मॅकग्रॉडी पुरस्कार देते. १९७५ मध्ये तो सुरू झाला आणि आयबीएमच्या निधीनंतर १९९९ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. नागरिकत्वाची अट नाही आणि काम कुठल्या देशात झालं हेही आड येत नाही, त्यामुळे पुण्यात किंवा पवईत झालेल्या कामाचंही नामांकन करता येतं. मात्र विज्ञान आणि उपयोग, दोन्ही तोलले जातात. बरीच नामांकनं पहिल्यावर पानंच्या पानं लिहितात आणि दुसरं शेवटच्या परिच्छेदात उरकतात.

कामाला शेवटच्या तारखेच्या तीन महिने आधी लागा. नामांकनाचं पत्र आठवड्यात लिहून होतं, वेळ जातो तो शिफारसपत्रं हातात पडण्यात.

सगळ्यात आधी मानपत्राची ओळ लिहा, म्हणजे पुरस्कार कशाबद्दल द्यायचा ते सांगणारी, पंचवीस-तीस शब्दांची. कोणतं मटेरियल, काय सापडलं, त्यामुळे काय शक्य झालं, एवढं तिच्यात आलं पाहिजे. ‘अतिवाहकतेतील मोलाच्या योगदानाबद्दल’ (अतिवाहकता म्हणजे वीज रोधाशिवाय वाहणं) ही ओळ कुणालाही चिकटवता येते. ‘द्रव नायट्रोजनच्या तापमानालाही अतिवाहक राहणाऱ्या कॉपर ऑक्साइडच्या शोधाबद्दल’ ही ओळ मोजक्यांनाच लागू पडते. ओळ जमेपर्यंत पत्राला हात लावू नका, कारण पुढचा प्रत्येक परिच्छेद तिचाच पुरावा असतो.

पुरावा कसा मांडायचा ते याच उदाहरणावरून पाहू. बेडनोर्ट्झ आणि म्युलर या शास्त्रज्ञांना १९८६ मध्ये लँथॅनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या वर अतिवाहकता दिसली. पुढच्याच वर्षी वू आणि चू यांच्या गटांनी इट्रियमच्या संयुगात ही मर्यादा ९३ केल्विनपर्यंत नेली. नुसता ९३ हा आकडा दिला तर काम अर्धंच राहतं. अतिवाहक थंड ठेवायला आधी द्रव हेलियम लागायचा; तो ४.२ केल्विनला उकळतो, महाग पडतो आणि सांभाळायला अवघड असतो. नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो आणि स्वस्तात मिळतो. ही तुलना शेजारी ठेवली की दुसऱ्या विषयातल्या परीक्षकालाही महत्त्व कळतं. या शोधासाठी पुरस्कार १९८८ मध्येच दिला गेला. तेव्हा त्याचं नाव ‘इंटरनॅशनल प्राइझ फॉर न्यू मटेरियल्स’ होतं.

आकडा द्याल तिथे तो कोणत्या परिस्थितीतला, हेही द्या. सोलर सेलची कार्यक्षमता २२ टक्के लिहिलीत तर सेलचं क्षेत्रफळ किती, मोजणी कुठल्या स्वतंत्र प्रयोगशाळेनं केली आणि प्रकाशाखाली किती तास टिकला, हे प्रश्न येणारच. ०.१ चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावरचा आकडा मोठ्या पॅनेलवर तसाच येत नाही: थर एकसारखा बसत नाही, वरच्या पारदर्शक इलेक्ट्रोडचा रोध वाढतो. हे लपवलं आणि परीक्षकानं पकडलं, तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. पेटंटचंही तसंच. अर्ज केलेलं, मंजूर झालेलं आणि कंपनीनं परवाना घेतलेलं, हे तीन वेगळे आकडे आहेत. एका बेरजेत घालू नका.

शिफारसपत्रं वेगवेगळ्या संस्थांतून मागवा, आणि प्रत्येकाला वेगळा मुद्दा द्या. एकानं मूळ शोधाबद्दल लिहावं, एकानं तो स्वतःच्या प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहिल्याबद्दल, एकानं कारखान्यात वापरल्याबद्दल. तिसरं पत्र मिळवणं सगळ्यात कठीण आणि सगळ्यात वजनदार. प्रक्रियेतली कोणती पायरी बदलली, किती तापमान किंवा वेळ वाचला, हे उत्पादनातल्या इंजिनिअरनं दोन ओळींत लिहिलं तरी पुरे. पत्र लिहिणाऱ्यांना मुद्दे आणि तारखा पाठवा, तयार मजकूर पाठवू नका. तीन पत्रांत एकच वाक्य सापडलं की तिन्ही फुकट जातात. गाइड आणि सहलेखक यांचीच पत्रं असली तरी फारसा उपयोग होत नाही.

काम गटाचं असेल तर कुणी काय केलं ते नावानिशी लिहा. नमुना ज्यानं प्रत्यक्ष बनवला त्याचं नाव गाळू नका. समितीत त्या क्षेत्रातली माणसं असतात, त्यांना खरं माहीत असतं.

शब्दमर्यादा आणि पत्रांची संख्या यांचे नियम बदलतात, म्हणून सोसायटीच्या वेबसाइटवरचं त्या वर्षीचं पान उघडूनच फाइल बांधा. पाठवण्याआधी पत्र दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि मानपत्राची ओळ न दाखवता त्याला ती स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. त्याची ओळ तुमच्या ओळीशी जुळली नाही, तर पत्र पुन्हा लिहायला घ्या.