जाहिरात न देता पेपरात बातमी कशी आणायची

‘पेपरात यायला ओळख लागते.’ धंदा करणाऱ्या दर दुसऱ्या माणसाकडून हे ऐकतो. ओळखीने फार तर उद्घाटनाची सिंगल कॉलम बातमी मिळते आणि ती तुमच्या नातेवाइकांपलीकडे कोणी वाचत नाही. लहान व्यावसायिकांच्या प्रेस नोटा मी बरीच वर्षं लिहितोय. ज्या बातम्यांनी खरोखर गिऱ्हाईक आणलं, त्यातली एकही ओळखीने लागलेली नव्हती. पुढचं सगळं जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी व्यवसाय असलेल्यांसाठी आहे. मुंबईत बसून पीआर एजन्सीला दरमहा पैसे देणं ज्यांना परवडतं, त्यांनी खुशाल द्यावेत.

कुठलं पान

ज्या दैनिकात यायचंय त्याचे दोन आठवड्यांचे अंक वाचा आणि तुमच्यासारख्यांच्या बातम्या कुठल्या पानावर, कोणाच्या नावाने येतात ते टिपा. शेतीशी संबंध असेल तर ‘ॲग्रोवन’ हे शेतीचं दैनिक आहे, आकाशवाणीचं जवळचं केंद्र आहे. आकाशवाणीला लोक विसरतात, पण तिथल्या माणसांना दर आठवड्याला बोलणारं कोणीतरी हवंच असतं.

बातमी कशात आहे

माणसं अडकतात ती इथेच. मलाही हे उमगायला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून इथे थोडं थांबतो.

तुमचं दुकान ही बातमी नाही. नवीन शाखा, दहावा वर्धापनदिन, वेबसाइटचा शुभारंभ, यातलं काहीही बातमी नाही. कटू वाटेल, पण वाचक पैसे मोजतो ते तुमची प्रगती वाचण्यासाठी नव्हे. प्रेस नोट लिहिण्याआधी मी एकच परीक्षा घेतो. सगळ्या मजकुरातून व्यवसायाचं आणि मालकाचं नाव खोडून टाकायचं. तरीही वाचण्यासारखं काही उरलं, तर ती बातमी. काहीच उरलं नाही, तर ती जाहिरात, आणि तिच्यासाठी जाहिरात विभागाचं दरपत्रक असतं.

समजा तुमचा लाकडी घाणा आहे. नव्वद टक्के लोक लिहितात, ‘शुद्ध, नैसर्गिक, रसायनमुक्त घाण्याचे तेल आता आपल्या शहरात उपलब्ध.’ नाव खोडा. काय उरलं? विशेषणं.

आता घाण्यावर बसणाऱ्या माणसालाच ठाऊक असलेलं काहीतरी घ्या. एक लिटर शेंगदाणा तेल काढायला साधारण अडीच किलो दाणे लागतात. दाण्याचा भाव किलोला १५० रुपये धरला, तर नुसते दाणेच ३७५ रुपयांचे झाले. वीज, मजुरी, बाटली वेगळी. मग त्याहून बऱ्याच कमी किमतीला ‘घाण्याचं’ म्हणून बाजारात जे तेल मिळतं, ते आहे काय? हा प्रश्न शहरातल्या प्रत्येक स्वयंपाकघराचा आहे. तुमचं नाव खोडलं तरी तो उरतो. आणि उत्तर द्यायला वार्ताहराला घाणेवाला लागतोच, म्हणून तुमचं नाव बातमीत आपोआप येतं, तेही गिऱ्हाइकाला शहाणं करणारा माणूस म्हणून.

असा हिशेब देताना पूर्ण द्या. दीड किलोच्या आसपास पेंड उरते, तिचे पैसे येतात, ते वजा करून दाखवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी गावातला दुसरा घाणेवाला वार्ताहराला फोन करून तुमची चूक काढेल आणि तो वार्ताहर पुन्हा कधी तुमचा फोन उचलणार नाही. कुठल्या स्पर्धकाचं नाव घेऊ नका. ‘अमक्याचं तेल भेसळीचं’ हे वाक्य वार्ताहर छापणार नाही, तुम्ही मात्र नोटिशीला उत्तर देत बसाल. आणि तेलाने सांधेदुखी जाते, मधुमेह बरा होतो असलं काही लिहू नका. ठरावीक आजार बरे करण्याचे दावे जाहिरातीतून करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे, आणि डेस्कवरचा, म्हणजे बातम्या निवडून-तपासून पानात लावणाऱ्या विभागातला, शहाणा उपसंपादक असली नोट पहिल्या ओळीतच बाजूला ठेवतो.

विषय सापडला की निमित्त शोधा. तोच मजकूर जूनमध्ये कचऱ्यात जातो आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी पान तीनवर लागतो, कारण तेव्हा घरोघरी फराळाचं तेल आणायचं असतं. सरकारही निमित्त पुरवतं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. असा निर्णय आला की प्रत्येक जिल्हा आवृत्तीत कोणीतरी विचारतंच, ‘आपल्याकडे याचा परिणाम काय?’ त्या दिवशी दुपारपर्यंत ज्या तेलविक्रेत्याचे चार मुद्दे वार्ताहराच्या व्हॉट्सॲपवर पोहोचलेले असतात, दुसऱ्या दिवशी त्याचं नाव छापून येतं. दोन दिवसांनी पाठवलेलं कितीही चांगलं असलं तरी शिळं.

निमित्त कधी कुठून येईल सांगता येत नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरी चपलांसारख्याच सँडल दाखवल्या, त्याही कोल्हापूरचा उल्लेख न करता. तेव्हा देशभरातल्या वार्ताहरांना चप्पल बनवणारी, बोलू शकणारी माणसं हवी होती. या चपलांना २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात (जीआय टॅगमध्ये) महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आहेत, इतकी साधी माहिती दोन वाक्यांत सांगता येणारा कारागीर त्या आठवड्यात सोन्याच्या भावाचा होता. तुमच्या धंद्याबद्दलची अशी दोन-चार पक्की वाक्यं आधीच लिहून ठेवा.

उद्घाटनाची हौस असणाऱ्यांसाठी आणखी एक. फीत कापायला आमदार बोलावलात की बातमी आमदाराची होते. मथळ्यात ते, फोटोत ते, आणि पत्रकारांनी विचारलेला एकमेव प्रश्न पालिका निवडणुकीचा. तुमच्या दुकानाचं नाव शेवटच्या परिच्छेदात येतं, आणि जागा कमी पडली की डेस्कवर शेवटचाच परिच्छेद आधी उडतो. आमदारांना बोलवा, चहा द्या, पण त्यातून बातमी होईल अशी आशा ठेवू नका.

नोट लिहिणं

एका पानाच्या पुढे जाऊ नका. पहिल्या दोन वाक्यांत सगळी बातमी आली पाहिजे. ‘येथील सुप्रसिद्ध उद्योजक’ने सुरुवात केलीत तर तुम्हीच तुमचा इंट्रो, म्हणजे बातमीची पहिली वाक्यं, मारलात. असं लिहा: ‘घाण्यावर एक लिटर शेंगदाणा तेल काढायला अडीच किलो दाणे लागतात. त्यामुळे पेंडीचे पैसे वजा केल्यावर उरणाऱ्या दाण्यांच्या खर्चापेक्षाही कमी किमतीत विकल्या जाणाऱ्या तेलाची ग्राहकांनी चौकशी करावी, असे बार्शीतील घाणाचालक अमुक यांनी सांगितले.’ बास. त्यानंतर हिशेब, मग तेल ओळखायच्या एक-दोन खुणा, मग तुमच्या तोंडचं एक वाक्य. ते वाक्य माणूस बोलतो तसं असावं. ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ असलं वाक्य डेस्क हमखास कापतो, आणि बरोबरच करतो.

‘भव्य’, ‘दिमाखदार’, ‘मान्यवरांच्या शुभहस्ते’ हे सगळं काढा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून मेलच्या अंगातच चिकटवा. लेटरहेडवर छापून, सही-शिक्का मारून, त्याचा फोटो काढून पाठवणारे अजून आहेत. तो कागद रात्री आठ वाजता पुन्हा टाइप करत बसायला कोणीही मोकळा नसतो. जुन्या फाँटमधली फाइल समोरच्याच्या संगणकावर उघडल्यावर नुसती अगम्य अक्षरं दिसतात, म्हणून तीही नको. शेवटी तुमचं पूर्ण नाव, गाव आणि उचलला जाणारा मोबाइल नंबर.

फोटो आडवा, काम चालू असतानाचा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईला कामाचा राहत नाही. फोटोत माणसं असतील तर डावीकडून नावं लिहा.

फोन आणि वेळ

मेल टाकून वाट बघत बसू नका. सकाळी अकराच्या सुमारास वार्ताहराला फोन करा: मी अमुक, तमुक विषयावर नोट पाठवलीय, विषय एका वाक्यात असा. अर्धा मिनिट. संध्याकाळी सहानंतर पानं लावायची घाई असते, तेव्हा फोन करणारा माणूस शत्रूच वाटतो. रविवारी दुपारी पाठवलेली नोट सोमवारच्या अंकात लागण्याची शक्यता जास्त, कारण त्या दिवशी सरकारी कार्यालयं बंद असतात आणि पानं भरायची असतात. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला मात्र बहुतेक मराठी दैनिकांना सुट्टी असते आणि दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही.

जिल्ह्यातल्या सगळ्या पत्रकारांचा ग्रुप काढून त्यात नोट टाकली की कोणीच ती आपली मानत नाही. मोठा विषय असेल तर एकालाच द्या आणि तसं सांगा. दोन दिवसांत काही हललं नाही तर, त्यालाही कळवून, दुसऱ्याकडे जा.

आता अवघड भाग. तालुक्याच्या बऱ्याच वार्ताहरांना मानधन नाममात्र असतं आणि जाहिराती आणायच्या असतात. त्यामुळे ‘बातमी लावतो, दिवाळी पुरवणीला जाहिरात द्या’ हे वाक्य तुम्ही ऐकणार. चिडू नका. जाहिरात द्यायची तर जाहिरात म्हणूनच द्या, बिल घ्या आणि बातमीशी तिचा संबंध लावू नका. ‘आत्ता बजेट नाही, पण विषय बघा, तुमच्या वाचकांच्या कामाचा आहे’ असं सरळ सांगावं. विषय खरंच दमदार असला तर तो जातो. तालुक्यातून नाही तर जिल्हा कार्यालयातून.

पैसे घेऊन मुलाखत करणारी यूट्यूब चॅनेलं, पोर्टलं आणि ‘उद्योगरत्न’, ‘उद्योगभूषण’ नावाचे पुरस्कार यांच्यापासून लांब राहा. नोंदणी शुल्क, ट्रॉफीचं शुल्क, हॉलमध्ये टेबलाचं शुल्क, आणि शेवटी एका अभिनेत्यासोबत फोटो. तो फोटो दुकानात लावून गिऱ्हाईक वाढलेलं मी अजून पाहिलं नाही. पत्रकार दिनाला, ६ जानेवारीला, डायऱ्या आणि शाली वाटणाऱ्यांनाही हेच सांगतो. शाल घेतली जाते, नोट तिच्याच गुणांवर लागते किंवा पडते.

माल नाही, ज्ञान विकत असाल तर

डॉक्टर, सीए, कृषी सल्लागार, सर्पमित्र यांचं काम उलट सोपं आहे, कारण त्यांना तारखा आधीच माहीत असतात. अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला येतो. सीएने जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात वार्ताहराला एवढंच कळवावं की भाषण संपल्यावर तासाभरात पगारदारांवरच्या परिणामाचे पाच मुद्दे पाठवतो. आणि खरोखर पाठवावेत. सर्पमित्राने पहिल्या पावसाआधी, डॉक्टरांनी साथीच्या तोंडावर. फक्त आपल्या व्यवसायाचे नियम वाचून घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करायला मनाई आहे, आरोग्याबद्दल लोकांना माहिती द्यायला नाही. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाने स्वतः लढवत असलेल्या खटल्यांच्या निमित्ताने पेपरात टिप्पणी किंवा फोटो छापून आणायचा नसतो. कायदा समजावून सांगा, अशिलाचं नाव काढू नका.

वार्ताहराचा फोन आला की

जे छापून यायला नको ते बोलू नका. ‘हे छापू नका हं’ म्हणून सांगितलेलं फोन ठेवल्यावर लक्षात राहीलच असं नाही. आकडे बोलून झाल्यावर लगेच मेसेजमध्ये लिहून पाठवा. आणि ‘छापण्याआधी मला दाखवा’ ही मागणी कधीही करू नका. ती ऐकली की कुठलाही चांगला वार्ताहर मनातल्या मनात तुमचं नाव खोडतो. ‘आकड्यांची खात्री करायची असेल तर रात्री कधीही फोन करा’ असं म्हणा, त्यात तुमचंही काम होतं.

छापून आल्यावर नाव, गाव किंवा आकडा चुकलेला दिसला तर ऑनलाइन आवृत्ती लगेच दुरुस्त होऊ शकते, म्हणून सकाळीच, सभ्यपणे, चूक आणि बरोबर मजकूर दोन्ही लिहून मेसेज करा. मथळा आवडला नाही, फोटो लहान लावला, शेजाऱ्याचं नाव आधी आलं, या तक्रारी घरातच ठेवा. एका ओळीत आभार माना. मग महिन्याभराने, स्वतःसाठी काहीही न मागता, वार्ताहराला कामाचं काहीतरी कळवा: यंदा बाजार समितीत शेंगेची आवक कशी आहे, करडई का मिळत नाही, पेंडीला उठाव आहे का.