चिंचोके, मूग आणि पट्टीचा तराजू : बालवाडीत या चुका टाळा

बालवाडीत हातानं करून शिकायचं गणित आणि विज्ञान मराठवाड्यात फारसा पैसा मागत नाही. चिंचोके, ज्वारी, मूग, माती सगळं घरचंच. बिघडतं ते घाईमुळं. लेकराचा हात चालायच्या आत बाईंचा हात चालतो आणि लेकरू नुसतं बघत बसतं.

अंक म्हणता आले म्हणजे मोजता आलं, असं धरू नका. पन्नासपर्यंत खणखणीत म्हणणाऱ्या लेकराला सांगा, "यातले पाच चिंचोके दे." बरीच लेकरं मूठभर उचलून देतात. पन्नासपर्यंत म्हणणं हे गाणं पाठ असल्यासारखं आहे. मोजायला आणखी दोन गोष्टी लागतात: एका वस्तूला एकच अंक, आणि शेवटचा अंक म्हणजे सगळ्या वस्तू मिळून किती. पाच मोजून झाल्यावर विचारा, "मग किती झाले?" लेकरानं पुन्हा एकपासून सुरू केलं, तर दुसरी गोष्ट अजून आलेली नाही. अशा वेळी उत्तर सांगायचं नाही, तीनवर यायचं. तीन पक्के होईपर्यंत पाच नको, मग पालक कितीही म्हणोत की शेजारच्या शाळेत शंभरपर्यंत झालं.

फरशीवर खडूनं पाच-पाच चौकटींच्या दोन ओळी काढा. एका चौकटीत एक चिंचोका, डावीकडून उजवीकडं. बोट लावून मोजायला देऊ नका, वस्तू सरकवायला द्या. बोट तोंडाच्या पुढं पळतं, आणि गोल मांडलेल्या वस्तूंत सुरुवात कुठून केली तेच हरवतं. मग तेच पाच चिंचोके लांब-लांब मांडून विचारा. लेकरू "आता जास्त झाले" म्हणेल. हे त्या वयाला धरूनच आहे, स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी यावर सविस्तर लिहून ठेवलंय. रागावू नका, पुन्हा मोजू द्या.

पेटीतल्या गुंजा आजच काढा. देखण्या दिसतात म्हणून त्या मोजणीच्या साहित्यात येतात. गुंज आणि एरंडी दोन्ही विषारी आहेत, चावून गिळलेली बी जिवावर बेतू शकते. बालाघाटाच्या बाजूला सीताफळाच्या बिया ढिगानं मिळतात, त्याही नकोत; फुटलेल्या बीची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. धाकटं भावंड वर्गात येऊन बसत असेल तर चिंचोकेही बंद, घशात अडकतात. तिथं लिंबाएवढे गोटे वापरा.

बी पाण्यात बुडवून ठेवू नका. दरवर्षी तेच होतं: वाटीत मूग, वरपर्यंत पाणी, खिडकीत वाटी, चौथ्या दिवशी वास. लेकरांना सांगितलं जातं, "बी खराब होतं." बी बहुतेक वेळा चांगलंच असतं. भिजलेल्या बीला हवा लागते, बुडून राहिलं की ती मिळत नाही आणि ते कुजतं. दुसरी गडबड डाळीची. डाळ रुजत नाही, अख्खं कडधान्य घ्या. तिसरी सगळ्यांत वाईट. जूनमध्ये पेरणीच्या पिशवीतलं उरलेलं सोयाबीन कुणीतरी प्रेमानं वर्गात आणून देतं. गुलाबी किंवा लाल रंगाचं बी म्हणजे कीड-बुरशीचं विषारी औषध चोळलेलं बी. ते लेकरांच्या हातात जाता कामा नये. गेलं असेल तर लगेच साबणानं हात धुवा आणि उरलेलं बी परत पाठवा.

सोमवारी शाळा सुटताना दहा मूग भिजत घाला. मंगळवारी पाणी काढून टाका. सुती फडकं ओलं करून ठिबकणं थांबेपर्यंत पिळा, त्यात मूग गुंडाळून ताटलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. ऊबदार दिवसांत बुधवारी मोड दिसतात. थंडीत जास्त वेळ लागतो. शुक्रवारी भिजवलं तर रविवारी कोरडं पडतं. एप्रिलच्या उन्हात फडकं भराभर वाळतं, तेव्हा ताटली माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवा. शेजारी एक कोरडी आणि एक बुडवलेली वाटी मांडली की कुजलेले मूगही कामाला येतात, लेकरं तिन्हींची चित्रं काढतात. मोड उकरून बघणारच, त्यासाठी वेगळी ताटली द्या.

"जड ते बुडतं" हे वाक्य वर्गातून हद्दपार करा. अख्खं कलिंगड तरंगतं, इवलासा खडा बुडतो. स्टीलचा चमचा बुडतो, स्टीलची वाटी तरंगते. आधी लेकरांना अंदाज सांगू द्या, मगच वस्तू पाण्यात. घमेल्यातलं पाणी नंतर झाडांना घाला.

पट्टीचा तराजू रिकामा असताना तपासा. ३० सेंमीच्या लाकडी पट्टीला १ आणि २९ सेंमीवर खालच्या कडेजवळ भोकं पाडा, १५ सेंमीवर वरच्या कडेजवळ. मधलं भोक खाली आलं की पट्टी कोलमडते. मधल्या दोरीनं पट्टी टांगा, दोन्ही टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्यांवर सारखी झाकणं बांधा. एक बाजू झुकली तर दुसरीला मातीची गोळी चिकटवा. हे न करता वजन करायला बसलात तर लेकरं खोटंच शिकतात.

सावली मोजताना लेकरू, जागा आणि उभं राहायची दिशा बदलू नका. सकाळच्या शाळेत आठ आणि दहा वाजता खडूनं खुणा करा, सूर्याकडं बघू देऊ नका.