आपल्या गट नंबरवर सरकारी माती-पाणी-जंगलाचे नकाशे बसवायचे कसे

आधीच सांगतो, हे मोजणीचं काम नाही. बांधावरून भांडण असेल तर भूमी अभिलेखला अर्ज टाका, मोजणी करून क प्रत घ्या, इथे वेळ घालवू नका. हे अशांसाठी ज्यांना फळबाग लावायच्या, शेततळं खोदायच्या किंवा जमीन घ्यायच्या आधी बघायचंय की सरकारी नकाशात आपल्या गटाखाली काय दाखवलंय. ‘दोन मिनिटांत गट नंबर टाका, माती बघा’ छाप व्हिडिओ भरपूर आहेत, ते बघून लोक स्क्रीनशॉट पाठवतात आणि त्यात त्यांचा गट अर्धा शेजारच्याच्या विहिरीवर बसलेला असतो.

सामान: लॅपटॉप, क्यूजीआयएस (नकाशे एकावर एक लावायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे), महाभूनकाशा या सरकारी साइटवरून गावाचा नकाशा, सर्व्हे ऑफ इंडियाच्या साइटवर लॉगिन करून १:५०,००० ची टोपोशीट (डोंगर, ओढे, रस्ते, गावं दाखवणारा नकाशा). इस्रोच्या भुवन साइटवरचे नकाशांचे लेयर (थर) डब्ल्यूएमएसने, म्हणजे डाउनलोड न करता इंटरनेटवरून, थेट जोडता येतात. एवढं पुरे.

क्यूजीआयएसमध्ये प्रोजेक्ट उघडला की पहिल्यांदा प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत. यूटीएम या पद्धतीत महाराष्ट्र दोन झोनमध्ये (पट्ट्यांत) येतो, ७८ रेखांश ही हद्द. पुणे, नाशिक, कोल्हापूर, अमरावती शहर यांना ईपीएसजी कोड ३२६४३. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीला ३२६४४. यवतमाळवाल्यांनी जरा बघून घ्या, रेष तुमच्या जिल्ह्यातूनच जाते, पुसद एकात आणि यवतमाळ शहर दुसऱ्यात.

आता खरा त्रास: गाव नकाशा जागेवर बसवणं

याच्यात माझा पूर्वी जीव गेलाय म्हणून जरा सविस्तर सांगतो. गाव नकाशे मुळात साखळीने मोजून कागदावर काढलेले, प्रत्येक गाव वेगळं, वर कागद आकसलेला, मग स्कॅन झालेला. त्यामुळे तो सॅटेलाइट फोटोवर एका झटक्यात बसेल ही अपेक्षाच सोडा. शेजारची दोन गावं लावलीत तर शिवेवर कुठे फट राहते, कुठे एकावर एक चढतं, तेही नॉर्मल आहे.

क्यूजीआयएसमधलं जिओरेफरन्सर (स्कॅन नकाशा जागेवर बसवायचं साधन) उघडून नकाशावरची जागा आणि जमिनीवरची तीच जागा अशा जोड्या द्यायच्या असतात. सगळं या जोड्यांवर आहे. ओढा घेऊ नका, ओढा सरकतो, आणि जेसीबीने ‘सरळ’ केलेला ओढा तर विचारूच नका. डांबरी रस्त्याची कडही नको, रस्ता रुंद झालेला असतो. घ्यायच्या त्या जुन्या न हललेल्या जागा: तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, गावठाणाचा कोपरा, नकाशावर दाखवलेली जुनी दगडी विहीर, पिढ्यानपिढ्या न नांगरलेला मोठा बांध. शक्य तिथे स्वतः जाऊन मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्या, उघड्यावर पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर येतो, झाडाखाली उभं राहून घेऊ नका.

जोड्या सगळ्या गावभर पसरलेल्या पाहिजेत, नुसत्या आपल्या गटाभोवती गोळा केल्या की तेवढंच छान दिसतं आणि बाकी गाव वाकडं होतं, मग चूक पकडायला काही उरत नाही. आणि तीनच जोड्या देऊन ‘एरर (जोड्या किती मीटरने चुकतात तो आकडा) शून्य आली’ म्हणून नाचू नका. पॉलिनोमिअल १ ला (नकाशा न वाकवता बसवायची साधी पद्धत) तीन जोड्या दिल्या की एरर शून्यच येते, ते गणितच तसं आहे. आठ-दहा द्या, मग जो आकडा येईल तो खरा. दहा-पंधरा मीटर राहिले तर मी पुढे जातो. एखादी जोडी एकटीच चाळीस-पन्नास दाखवत असेल तर ती जागाच चुकीची ओळखलीय, परत बघा.

त्याऐवजी ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही पद्धत लावा असा सल्ला सर्रास मिळतो. अजिबात लावू नका. तो नकाशा रबरासारखा ताणून प्रत्येक जोडीवर बरोब्बर बसवतो, एरर काही दाखवत नाही आणि तुमची चूक मुकाट्याने गिळतो. जो हे सुचवतो त्याने नंतर शेतात जाऊन तपासलेलं नसतं.

जुनी टोपोशीट वापरणाऱ्यांना वेगळी सूचना. त्या एव्हरेस्ट डेटमच्या (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) आहेत, मोबाइल आणि सर्व्हे ऑफ इंडियाची नवीन ओपन सिरीज शीट डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या डेटमवर. कडेचे अक्षांश-रेखांश तसेच टाकलेत तर आपल्याकडे सगळं शंभर मीटरच्या वर सरकतं, म्हणजे दोन-अडीच एकराचा गट अख्खा दुसऱ्याच्या रानात. नवीन शीट फुकट मिळते, तीच घ्या.

माती

नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण ब्युरोचा राज्याचा नकाशा १:२,५०,००० चा आहे. म्हणजे नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५० मीटर. एक एकराची बाजू साधारण ६४ मीटर, म्हणजे पाव मिलिमीटर, पेन्सिलच्या टोकाएवढीही नाही! झूम केल्याने माहिती वाढत नाही, फक्त रंग मोठा होतो. शिवाय एका तुकड्यात एकच माती नसते, मुख्य आणि दुय्यम अशा दोन लिहिलेल्या असतात, लोक फक्त पहिली वाचतात. तिथे ‘खोल काळी’ असेल आणि दुय्यम ‘उथळ मुरमाड’ असेल, तर तुमचा टेकाडाकडचा गट दुसऱ्यात असायची शक्यताच जास्त. काही भागांचं १:१०,००० चं काम झालंय, मिळालं तर तेच घ्या. नाहीतर नकाशावरून अंदाज बांधा आणि गटात दोन-तीन ठिकाणी खड्डा खणून मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा. संत्रा-मोसंबी लावणार असाल तर हे टाळूच नका.

पाणी

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. आकडे मीटरमध्ये जमिनीपासून खाली असतात, फुटात करून घ्या. पावसाळ्यानंतरची आणि उन्हाळ्यातली यातला फरक बघायचा, एकटा आकडा काही सांगत नाही. बोअरचा पॉइंट यावरून काढायचा नाही, आपला बसाल्ट (काळा पाषाण) तेवढा भरवशाचा नाही.

जंगल आणि पाणथळ

फॉरेस्ट सर्व्हेच्या व्याख्येत १ हेक्टरच्या वर जागा आणि १० टक्क्यांच्या वर झाडांचं छत असलं की ‘वनाच्छादन’, मालकी कुणाचीही असो. म्हणून कोकणात आंबा-काजूच्या बागा हिरव्या दिसतात आणि लोक घाबरून फोन करतात. उलटही होतं, कायद्याने वन असलेला उघडा माळ पांढरा दिसतो. पाणथळीच्या १:५०,००० च्या ॲटलासमध्ये २.२५ हेक्टरपेक्षा लहान पाणथळी नुसत्या ठिपक्याने दाखवल्यात, तेव्हा तुमच्या तळ्याची कड त्यात शोधू नका. पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) क्षेत्राच्या सरकारी मसुद्यात, शेवटचा मी पाहिला तो ३१ जुलै २०२४ चा, गावांची यादी असते, गट नंबर नाही, तिथे रंग न बघता यादीत गावाचं नाव शोधा.

आणि जमीन घ्यायची असेल तर वनाचं उत्तर नकाशात नाही, ७/१२ च्या इतर हक्कात आहे. तिथे ‘खाजगी वन’ किंवा ‘राखीव वन’ असा शेरा आणि फेरफार नंबर असेल तर तो फेरफार काढून वाचा, १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याखालचे शेरे अजून निघतात, आणि वन विभागाकडून लेखी उत्तर आल्याशिवाय इसार देऊ नका, एजंट कितीही म्हणाला की ‘साहेब, ते जुनं आहे, निघून जाईल’.