ड्रायव्हरने घेतलेली मेमरी सीग्रुपच्या खात्यावर कशी टाकावी

सीग्रुप म्हणजे प्रोग्रामांचा गट, ज्याच्या मेमरीचा हिशेब आणि मर्यादा कर्नल सांभाळतो. कंटेनरच्या सीग्रुपला 64 एमबीची मर्यादा आहे, तरी त्यातला एक प्रोग्राम मशीनची सगळी रॅम खातो आणि मेमरी.करंट (सीग्रुपचा चालू वापर दाखवणारी फाइल) जेमतेम हलतं. असं दिसलं की आधी ड्रायव्हर तपासा. लिनक्समध्ये 4.5 आवृत्तीपासून, म्हणजे 2016 पासून, कर्नलने घेतलेली मेमरी सरसकट सीग्रुपच्या नावे पडत नाही. मेमरी मागणाऱ्या कोडने तसं सांगावं लागतं.

गळती कुठे आहे ते मोजून ठरवा. एका सिस्टिम कॉलमागे 256 बाइटचा ऑब्जेक्ट तयार होत असेल, तर तो कॉल एक लाख वेळा करा आणि काहीही मोकळं करू नका. मग स्लॅबइन्फो फाइल (कर्नलच्या छोट्या ऑब्जेक्टांच्या साठ्यांची यादी) उघडा. केमॅलॉक-256 ची (बिनहिशेबी ऑब्जेक्टांची) ओळ फुगली आणि केमॅलॉक-सीजी-256 (सीग्रुपच्या नावे पडलेल्यांची) जागची हलली नाही, तर हिशेब इथेच सुटतोय. ही 'सीजी'ची वेगळी ओळ 5.14 पासून मिळते.

दुरुस्ती एका शब्दाची आहे: मेमरी मागताना दिलेल्या जीएफपी_कर्नल या फ्लॅगच्या जागी जीएफपी_कर्नल_अकाउंट. ड्रायव्हरची स्वतःची कॅश (एकाच मापाच्या ऑब्जेक्टांचा साठा) असेल तर ती बनवताना स्लॅब_अकाउंट द्या. मेमरी सोडणाऱ्या केफ्रीला हात लावायची गरज नाही, ज्याच्या नावे रक्कम पडली त्याच्याच खात्यात ती परत जमा होते. मात्र आता मर्यादेशी आल्यावर मागणी नाकारली जाऊ शकते, म्हणून नल (मेमरी न मिळाल्याचं उत्तर) तपासणारी आणि अर्धवट काम उलटवणारी वाट नीट चालते का, ते बघाच.

खरी मेख वर्कक्यूमध्ये, म्हणजे कर्नल नंतर करायची कामं जिथे लावतो त्या रांगेत, आहे. तिथे चालणारा धागा कर्नलचा असतो, त्यामुळे फ्लॅग लावूनही कुणाच्याच नावे काही पडत नाही. विनंती आली त्याच क्षणी मागणाऱ्याचा मेमसीजी (त्याच्या सीग्रुपचं मेमरीखातं) संदर्भासकट, म्हणजे तो मध्येच नष्ट होऊ नये अशी पकड घेऊन, धरून ठेवा, वर्करमध्ये सेट_ॲक्टिव्ह_मेमसीजीने लावा, काम झाल्यावर जुना परत बसवा आणि संदर्भ सोडा. तो सोडायचा राहिला तर डिलीट केलेला सीग्रुपही मरत नाही. वरच्या सीग्रुपच्या सीग्रुप.स्टॅटमधला 'डाइंग'चा आकडा चढत जातो.

सर्वांच्या सामायिक वस्तूंना फ्लॅग लावू नका. ज्याने पहिल्यांदा हात लावला त्याच्या माथी सगळा खर्च मारणं चूक आहे.

पुन्हा मोजताना ऑब्जेक्टमागे 256 ऐवजी 264 बाइट दिसतील. जास्तीचे 8 बाइट खातेदाराच्या पॉइंटरचे. शिवाय नवा कर्नल प्रत्येक सीपीयूसाठी 64 पानांपर्यंत (पान म्हणजे मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा) आगाऊ उचल करतो. 4 केबीच्या पानांवर 8 सीपीयूंना 2 एमबीचा फरक सहज पडतो. टेस्टमध्ये तेवढी सूट ठेवा.