जुन्या गाडीचं मोठं एस्टिमेट आलंय? होकार देण्याआधी हे बघा

गॅरेजवाल्याने मोठा आकडा सांगितला की बहुतेक जण तो गाडीच्या बाजारभावाशी ताडून बघतात. ‘गाडीला येतील तेवढे दुरुस्तीलाच जातायत’ म्हणत काही जण ती विकून टाकतात. काही जण उलट ‘मागच्या वर्षी एवढा खर्च केलाय, आता कशी विकायची’ म्हणून पुन्हा पैसे ओततात. दोन्ही हिशेब फसवे. मागे घातलेला पैसा या गणितात धरायचाच नाही. आज हे पैसे घातले तर गाडी किती महिने बिनघोर चालेल आणि तेवढे महिने दुसरी गाडी बाळगायला किती पडेल, एवढंच बघायचं.

आधी एस्टिमेट फोडून घ्या. पार्ट वेगळे, लेबर वेगळं, आणि प्रत्येक कामापुढे ‘आत्ता’, ‘सहा महिन्यांत’ किंवा ‘जमलं तर’ असं लिहून घ्या. ब्रेक, स्टिअरिंग, बॉल जॉइंट (पुढच्या चाकाचा गोळ्याचा सांधा), टायर आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) गळती ही कामं ‘आत्ता’मध्येच येतात. ब्रेक पॅडचं अस्तर ३ मिमीच्या आसपास आलं की पॅड बदलायचे. डिस्कवर बहुधा किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून घेण्यात अर्थ नाही, ती नवीनच लागते. टायरची नक्षी १.६ मिमीवर आली की टायर संपला. नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आकडे टायर बनला त्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर किती जुना आहे ते त्यावरून कळतं. दाराचं हँडल, बंपरवरचा ओरखडा वगैरे राहू द्या.

लेबरच्या रकान्यात खरा पैसा वाचतो किंवा बुडतो. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मेहनत सगळी त्यातच आहे. म्हणून प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे क्लचचेच भाग त्याच वेळी बदला, फ्लायव्हीलचा (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या चकतीचा) पृष्ठभाग बघा, आणि क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील ओलं असेल तर तेही नवं टाका. बेअरिंग वाचवलं आणि चार महिन्यांनी ते किंचाळायला लागलं, तर पुन्हा गिअरबॉक्स खाली आणि पुन्हा पूर्ण लेबर. टायमिंग बेल्टचंही (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याचं) तसंच. त्याच्यासोबत तो ताणून धरणारा टेन्शनर घ्या, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. हे काम ‘सहा महिन्यांत’मध्ये ढकलू नका: अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि बेल्टचं बिल हेडचं (व्हॉल्व्ह असतात त्या इंजिनाच्या वरच्या भागाचं) होतं.

क्लच खरोखर गेलाय का, हे रस्त्यावर कळतं. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे आरपीएम झपकन चढले आणि वेग मागेच राहिला, तर प्लेट घसरतेय.

आता गाडीचं उरलेलं आयुष्य. ते ठरवतात पत्रा आणि इंजिन. बाकी सगळं बदलता येतं. गाडी लिफ्टवर घ्या. दाराखालचे सिल (उंबरठ्यासारख्या पत्र्याच्या पट्ट्या), फ्लोअर, पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर आणि मागचे आर्म जिथे बोल्ट होतात त्या जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. चांगला पत्रा खणकन वाजतो, कुजलेला बद्द. शंका आली तिथे टोक दाबा, आत शिरलं तर वेल्डिंग आलंच. एखाद्याच जागी ताज्या काळ्या अंडरकोटिंगचा जाड थर दिसला, तर तिथे आधी टोचा. सस्पेन्शनच्या बैठकी कुजल्या असतील तर पुढचा हिशेब मांडायची गरजच नाही.

इंजिनासाठी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेज लावून मोजणं, करून घ्या. इंजिन गरम हवं, सगळे प्लग काढलेले, इंधन बंद, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा. मग गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारायचा. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार येतं, पण नेमका आकडा मॅन्युअलमधला. सिलिंडरांतला फरक १० ते १५ टक्क्यांच्या वर असला तर कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या ब्लॉकमधलं पॅकिंग). शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर मधलं गॅस्केट फुटलेलं असण्याचीच शक्यता जास्त. आधी गाडी तापली असेल तर एस्टिमेटमध्ये हेडची सरळपणा तपासणी, फेसिंग (घासून सपाट करणं) आणि नवे हेड बोल्ट धरलेत का ते विचारा. नुसतं गॅस्केट टाकलं आणि हेड वाकडंच राहिलं, तर नवं गॅस्केटही टिकत नाही.

मग कागद घ्या आणि २४ महिन्यांचा हिशेब मांडा. समजा (आकडे हजार रुपयांत), आज नादुरुस्त अवस्थेत गाडीला ५५ मिळतात, दुरुस्तीला ४०, पुढच्या दोन वर्षांतली इतर कामं २०, आणि दोन वर्षांनी ती ५० ला जाईल. गाडी ठेवण्याचा खर्च ५५ + ४० + २० − ५० = ६५. आजचे ५५ यात धरायचे, कारण गाडी ठेवली की ते हातात येत नाहीत. नेमकी हीच रक्कम लोक विसरतात. दुसरी गाडी ३०० ची, कागदपत्रं आणि विमा मिळून जादा २०, घेतल्याघेतल्या सर्व्हिस आणि टायर २०, दोन वर्षांनी विक्री २१०: खर्च १३०. इथे दुरुस्तीच स्वस्त. पण क्लचऐवजी रिंग-पिस्टनचं काम निघालं आणि ४० चे ११० झाले, तर जुन्या गाडीचा खर्च १३५ होतो. मग ती ठेवण्यात राम नाही. कर्ज काढून घेणार असाल तर व्याजही धरा.

विकायचं ठरलं तर मोठं काम करून विकू नका. ते पैसे क्वचितच पूर्ण वसूल होतात. दोष सांगून, एस्टिमेट दाखवून विका.

ठेवायचं ठरलं तर काढलेले जुने पार्ट परत मागा. आणि काम झाल्यावर सपाट जागेवर, इंजिन गार असताना डिपस्टिकवर ऑइलची खूण बघून ठेवा. १००० किमीनंतर पुन्हा बघा. एवढ्यात एक लिटर ऑइल घालावं लागलं आणि बाहेर कुठे गळती नाही, तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम पुढे उभं आहे. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर फुसकन येऊन थांबला तर सील, चढावर सतत येत राहिला तर रिंग.