क्रोमचं शोधपान रीस्टार्टनंतर पुन्हा पुन्हा बदलत होतं: मला लागू पडलेला उपाय

लक्षण असं: क्रोममध्ये काहीही शोधलं की भलतंच शोधपान उघडायचं. एका अनोळखी एक्स्टेन्शनला (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामला) ‘रिमूव्ह’चं बटणच नव्हतं आणि मेनूत खाली ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ (म्हणजे ब्राउझरवर तुमच्या संस्थेचं नियंत्रण आहे) ही ओळ. ऑफिसच्या मशीनवर ती ठीक, घरच्या मशीनवर धोक्याची खूण.

क्रोम रीसेट केलं, काढून परत टाकलं, क्विक स्कॅन केला. रीस्टार्ट केलं की पुन्हा तेच. चार संध्याकाळी त्यातच गेल्या, अगदी वैताग आला.

शेवटी याच क्रमाने केलं. आधी इंटरनेट बंद. मग विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी सोय) प्रत्येक टास्कचा ‘ॲक्शन्स’ टॅब पाहिला. एक टास्क लॉगइन होताच ‘ॲपडेटा’तल्या ‘रोमिंग’ फोल्डरमधली अनोळखी फाइल चालवत होतं. खरं मूळ हेच! ते टास्क आणि फाइलचं फोल्डर, दोन्ही उडवलं. नंतर रजिस्ट्री एडिटरमध्ये (इथे विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलता येतात; आधी बॅकअप घ्याच) ‘लोकल मशीन’खाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असं जाऊन ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’, म्हणजे सक्तीने बसवायच्या एक्स्टेन्शन्सची यादी, काढली. ‘करंट युजर’खालीही बघा. रीस्टार्टनंतर एक्स्टेन्शन आपोआप गेलं. मग विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडर या अँटीव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधीच होणारी तपासणी). साधारण १५ मिनिटं लागतात. पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला.