मंदीत पेव्हरची कामं घेताय? भिंतीच्या सवयी जमिनीवर आणू नका

नवीन घरांची कामं थंडावली की गवंडी भिंतीवरून खाली उतरतो. अंगण, गाडीची वाट, बागेतली पायवाट, कंपाउंडची डागडुजी, मिळेल ते काम घ्यावं लागतं. घरबांधणी किती झपाट्याने आटू शकते, याचं उदाहरण अमेरिकेचं आहे. तिथे २००५ मध्ये वीस लाखांहून जास्त घरांची कामं सुरू झाली होती, आणि २००९ मध्ये तोच आकडा साडेपाच लाखांच्या आसपास आला. अशा काळात पेव्हरचं, म्हणजे जमिनीवर सुटे ब्लॉक बसवायचं, काम सोपं वाटतं. ओळंबा नाही, परांची नाही, उंची नाही. म्हणून सगळेच त्याच्यावर तुटून पडतात आणि दर पाडून घेतात.

माझं ठाम मत असं, की पेव्हर सर्वात जास्त बिघडतो तो चांगल्या गवंड्याच्या हातून. हात कच्चा असतो म्हणून नव्हे, तर तो पेव्हरला आडवी भिंत समजतो म्हणून. भिंत उभी राहते कारण वीट आणि मसाला (सिमेंट-वाळूचा) मिळून एकजीव होतात. पेव्हरचं उलट आहे. तिथे ब्लॉक सुटेच असतात, आणि सगळी ताकद खालच्या दाबलेल्या थरात, कडेच्या आधारात आणि ब्लॉक एकमेकांत घट्ट अडकण्यात असते. त्याला किंचित हलू द्यावं लागतं. पुढच्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

वाळूत सिमेंट मिसळणं

‘थोडं सिमेंट टाकलं की पक्कं होईल’ ही भिंतीची सवय. ब्लॉकखालच्या वाळूत कोरडं सिमेंट मिसळलं की ती ओल धरून दगडासारखी होते, पण एकसंध राहत नाही. गाड्यांच्या भाराने तिचे तुकडे पडतात, त्या तुकड्यांवर ब्लॉक डुगडुगतात आणि पाणी अडून बसतं. सांध्यांत सिमेंटचा घोळ ओतणं ही त्याच सवयीची दुसरी बाजू. पहिले काही महिने छान दिसतं, मग सांध्याला तडे जातात. त्यात आणखी एक तोटा असा, की एखादा ब्लॉक फुटला तर शेजारचे चार फोडल्याशिवाय तो निघत नाही. सुटा ब्लॉक काढून पुन्हा बसवता येणं हाच तर पेव्हरचा मोठा फायदा, आणि आपण तोच घालवून बसतो.

ब्लॉकखाली स्वच्छ, जाडसर, टोकदार कणांची वाळू हवी, २५ ते ३० मिमी, सगळीकडे सारखी. दगडाची भुकटी स्वस्त पडते, पण तिच्यातला बारीक कण पाणी धरून ठेवतो आणि भार आला की गाळासारखा वर येतो. सांध्यांसाठी मात्र बारीक आणि पूर्ण कोरडी वाळू लागते. सांधा २ ते ४ मिमीचा असावा. भिंतीतल्या १० मिमीच्या सांध्याची सवय इथे चालत नाही. उलट ब्लॉकला ब्लॉक अगदी भिडवणंही चूक, कारण मधे वाळू उतरायला जागाच उरत नाही आणि काठाचे कोपरे उडतात.

खालचा थर वाचवणं

मंदीत दर कमी भरून काम मिळवलं की कात्री नेमकी न दिसणाऱ्या जागी लागते. ब्लॉकची जाडी ग्राहक मोजू शकतो, खालची खडी मोजत नाही. म्हणून १५० मिमीच्या जागी ८० मिमी खडी येते, तीही एकाच वेळी पसरून वरवर दाबलेली.

माणसांच्या पायवाटेला साधारण १०० मिमी दाबलेला थर पुरतो. गाडीच्या वाटेला १५० ते २०० मिमी लागतो, आणि खाली चिकण माती असेल तर त्याहून जास्त. छोट्या प्लेट कॉम्पॅक्टरने (सपाट पत्र्याने धडधडत दाबणारं मशीन) एका वेळी १०० मिमीपेक्षा जाड थर नीट दाबला जात नाही. मशीन वरून उड्या मारत राहतं आणि तळ भुसभुशीतच राहतो. खडी-मुरूम किंचित ओलसर असावा. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये.

कोटेशन देताना इथेच गणित चुकतं, म्हणून आकडे मांडून दाखवतो. १०० चौरस मीटरची गाडीची वाट घ्या. ८० मिमी ब्लॉक, ३० मिमी वाळू, १५० मिमी खडी, म्हणजे खोदाई २६० मिमी. म्हणजे २६ घनमीटर माती, आणि खोदल्यावर ती फुगून ३० घनमीटरच्या वर जाते. ती उचलून टाकायचा खर्च कित्येक जण धरतच नाहीत. दाबलेली खडी १५ घनमीटर हवी असेल तर सुटी १८-१९ घनमीटर मागवावी लागते. तिरप्या किंवा हेरिंगबोन (ब्लॉक एकमेकांना काटकोनात, नागमोडी) मांडणीत कापाकापीत दहा टक्क्यांपर्यंत ब्लॉक वाया जातात. हे सगळं धरून जो दर निघतो तो शेजारच्यापेक्षा जास्त असेल, तर काम सोडलेलं परवडतं. एकदा खचलेलं अंगण उकरून पुन्हा करायचं म्हणजे मजुरी दुप्पट, आणि मंदीत पुढची कामं ज्याच्या तोंडी शिफारशीवर येतात तो ग्राहकही जातो.

खडी दाबून झाली की वाळू टाकण्याआधी ग्राहकाला बोलवा. टेप लावून जाडी दाखवा, फोटो काढून ठेवा आणि त्या टप्प्याचे पैसे त्याच दिवशी घ्या.

भिंतीला खेटून पातळी चढवणं

ही चूक गवंड्याने तरी करू नये, कारण भिंतीतली ओल त्याला माहीत असते. तरीही जुन्या फरशीवरच ब्लॉक टाकून पातळी वाढवली जाते. पेव्हरचा वरचा पृष्ठभाग भिंतीतल्या ओलप्रतिबंधक थराच्या निदान १५० मिमी खाली राहिला पाहिजे, नाहीतर उडणारं पाणी विटांत शिरतं आणि आतला गिलावा फुगतो. ढाळ नेहमी घरापासून दूर, साधारण ५० ला १. म्हणजे पाच मीटरमध्ये १०० मिमी उतार. हा ढाळ खडीच्या थरातच काढायचा. वाळू कमी-जास्त करून ढाळ साधला तर जिथे वाळू जाड, तिथेच पुढे खड्डा.

बिघाड कुठे आहे, ते आधी शोधा

खचलेल्या जागी वरून वाळू टाकून दाबणं म्हणजे दुखणं झाकणं. आधी खड्ड्यातले चार ब्लॉक काढा, शेजारच्या चांगल्या भागातले चार काढा, आणि दोन्हीकडे वाळूची जाडी मोजा. वाळू सारखीच आहे पण पातळी खाली गेली, तर खालचा थर बसला आहे. तो उकरून, भरून, पुन्हा दाबावा लागेल. वाळू कमी-जास्त निघाली, तर पसरतानाची चूक आहे आणि दुरुस्ती सोपी आहे.

चाकांच्या दोन पट्ट्यांतच चाकोरी पडली असेल तर दोष जवळपास नक्की खालच्या थराचा. सगळ्या अंगणभर लहान लाटा असतील तर वाळूवर संशय घ्या. काठाकडचे सांधे उघडत चालले असतील तर कर्ब, म्हणजे कडेचा पक्का आधार, सैल आहे किंवा लावलेलाच नाही. कडेला आधार नसताना काठाच्या मीटरभर अंतरात कॉम्पॅक्टर नेला तरी ब्लॉक बाहेर सरकतात. गाडी वळते त्या जागी सरळ ओळीतली मांडणी सरकते, तिथे हेरिंगबोनच टिकतो. आणि सांध्यांतली वाळू काही आठवड्यांनी खाली बसते, तेव्हा एकदा पुन्हा भरायला जायचं. हे कोटेशनमध्येच लिहून ठेवा.

शिल्लक विटा आणि अर्धवट भिंती

बंद पडलेल्या कामावरच्या विटा पायवाटेला वापरायचा मोह होतो. भिंतीची साधी वीट पाणी पिते, पायाखाली झिजते आणि तिचे पापुद्रे सुटतात. पायवाटेला जमिनीसाठी भाजलेलीच वीट हवी. पडून राहिलेलं सिमेंटही तपासा. तीन महिन्यांत त्याची ताकद बरीच उतरते, आणि गोण्यांत गुठळ्या झाल्या असतील तर ते बांधकामात घालू नका.

मंदीत भिंती अर्ध्यावर थांबतात, तेव्हा त्या कशा सोडल्या यावर पुढचा जोड ठरतो. शेवट पायऱ्या-पायऱ्यांनी सोडावा. दाते सोडले (एकाआड एक थराची वीट बाहेर काढून ठेवली) तर नंतर दात्यांखाली मसाला नीट ठासला जात नाही. वरचा थर झाकून ठेवा, म्हणजे विटांच्या पोटात पाणी जाणार नाही. कित्येक महिन्यांनी काम पुन्हा सुरू करताना सुटलेला वरचा थर काढा, घासून धूळ काढा, पाणी मारा आणि मगच मसाला टाका. गमावलेले दिवस भरून काढायला एका दिवसात दीड मीटरपेक्षा उंच चढू नका. खालचा ओला मसाला दबतो आणि भिंत ओळंब्यातून जाते.

पांढरी भुकटी दिसली तर

नवीन काँक्रीट ब्लॉकवर पांढरट थर आला की ग्राहक घाबरतो आणि पैसे अडवतो. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळतो, त्याचा हा थर. पाऊस-उन्हात तो बहुधा आपोआप जातो. घाईने आम्ल ओतलं तर ब्लॉकचा रंग आणि पृष्ठभाग दोन्ही जातात. विटांच्या भिंतीवर अशी भुकटी आली तर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, कारण विरघळलेले क्षार पाण्याबरोबर परत विटेत शिरतात. हे सगळं काम सुरू होण्याआधीच ग्राहकाला सांगून ठेवलं तर शेवटच्या हप्त्यावरून वाद होत नाही.